आधी मुलींची टीम होऊ दे, म्हणणाऱ्यांना

2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला. शफालीच्या 87 धावा आणि दीप्तीचे पाच बळी आमच्याकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. त्याच स्पर्धेतली दुसरी एक गोष्ट मात्र कुणाच्या बोलण्यात येत नाही. त्या विश्वचषकातले सगळे 14 पंच आणि चारही सामनाधिकारी स्त्रिया होत्या. पायचीतचं बोट वर करायचं की नाही, नो-बॉल द्यायचा की नाही, बेशिस्त खेळाडूला दंड किती, हे सगळं बायकांनी ठरवलं. एकदिवसीय विश्वचषकाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं आणि ते आपल्या देशात घडलं. नवी मुंबईची वृंदा राठी त्या पंचांत होती. आंध्रच्या जी. एस. लक्ष्मी सामनाधिकारी होत्या.

आणि आमच्या सिंधुदुर्गात?

भातकापणी उरकली, तुळशीचं लग्न लागलं की देवगडपासून दोडामार्गापर्यंत स्पर्धांना ऊत येतो. टेनिस बॉल आहे, अंडरआर्म आहे, दिवसाचे सामने आहेत, लाइट लावून रात्रीचे आहेत. मालवणचं बोर्डिंग मैदान असो, सावंतवाडीचा जिमखाना असो की एखाद्या वाडीतला कापणी झालेला मळा, मंडप पडतो, स्पीकर लागतो, मालवणीतून समालोचन सुरू होतं, मुंबईकर चाकरमान्यांच्या वर्गणीतून रोख बक्षीस ठरतं. या सगळ्यात बाई कुठे असते ते एकदा डोळे उघडे ठेवून बघा. उद्घाटनाला आरतीचं ताट घेऊन ती असते. चहा-नाश्ता महिला मंडळाकडे असतो. अखेरच्या दिवशी सरपंच बाई असल्या तर चषक त्यांच्या हस्ते देतात. नियमांची बैठक, ड्रॉ, पंचांची नेमणूक, स्कोअरचं टेबल, माइक आणि जमाखर्चाची वही यांच्या आसपास ती क्वचितच दिसते.

हे बदलायला हवं असं म्हटलं की उत्तरं तयार असतात. पहिलं सरळ असतं : ‘ह्यां बायल माणसांचां काम न्हय.’ दुसरं समजूतदार वाटतं आणि म्हणूनच जास्त घातक आहे : ‘आधी चेडवांची टीम तरी होवंदे, मगे पुढचां बघू.’ मला वाद घालायचा आहे तो मुख्यतः या दुसऱ्या उत्तराशी. पहिलं उत्तर देणारा निदान आपलं मत तरी सांगतो. दुसरं उत्तर देणारा स्वतःला मुलींच्या बाजूचा समजतो आणि दार बंदच ठेवतो.

टीम आधी आणि पंच, प्रशिक्षक, व्यवस्थापक नंतर, हा क्रम ऐकायला बरा वाटतो. पण या जिल्ह्यात मुलींची टीम का होत नाही याचा विचार करा. सिंधुदुर्ग हा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या अखत्यारीत येतो. पुढे जायचं तर सीझन बॉलवर खेळायला हवं आणि निवड चाचणीला घाट चढून जायला हवं. मालवणहून पुणं म्हणजे रात्रभराचा प्रवास. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला त्या प्रवासाला पाठवताना आई-बाप पहिला प्रश्न विचारतात, ‘सोबत कोण?’ मुलगी किती धावा करते हा प्रश्न त्यांच्यासाठी फार नंतरचा. सोबत जाणारी बाई जिल्ह्यात नाही, नेटवर उभी राहणारी प्रशिक्षक नाही, मुलीची पाळी आली तर जिच्याशी बोलता येईल अशी संघाबरोबर कुणी नाही, म्हणून मुलगी घरी राहते. मुली घरी राहतात म्हणून टीम होत नाही. आणि टीम नाही म्हणून, तुमच्या म्हणण्याप्रमाणे, बाईला जबाबदारीची जागा द्यायची नाही! शालेय स्पर्धांत मुलींचं क्रिकेट आहे. तिथे खेळलेल्या मुली दहावी-बारावीनंतर जातात कुठे? ज्या खेळात खेळण्याची वर्षं संपल्यावर बाईला जागाच नाही, त्या खेळात मुलीने कोवळी वर्षं का घालावीत, असं एखाद्या आईने विचारलं तर तुमच्याकडे काय उत्तर आहे?

याच मताच्या पोटात आणखी एक समजूत दडलेली असते. मुली खेळू लागल्या, जिंकू लागल्या की खुर्च्या आपोआप त्यांच्याकडे येतील, कुणी मुद्दाम काही करायला नको. हे आपल्याच देशाच्या इतिहासाने खोटं ठरवलेलं आहे, आणि तो इतिहास महाराष्ट्रातच घडला.

महिलांची पहिली राष्ट्रीय आंतरराज्य स्पर्धा 1973 साली पुण्यात झाली. संघ तीनच होते : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्याच वर्षी भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि पुढची तेहतीस वर्षं देशातलं महिला क्रिकेट या संघटनेने चालवलं. पैसा जवळजवळ नव्हताच. खेळाडू डॉर्मिटरीत जमिनीवर झोपल्या, आरक्षण नसलेल्या डब्यांतून गेल्या, किटा वाटून वापरल्या. पण निर्णयाच्या टेबलाशी बायका होत्या. नूतन गावसकर या संघटनेच्या मानद सचिव होत्या. भारताच्या माजी कर्णधार, पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी सचिव होत्या आणि 2006 साली ही संघटना बीसीसीआयमध्ये विलीन झाली तेव्हा तो व्यवहार त्यांच्या कारकिर्दीत पार पडला. विलीनीकरण गरजेचं होतं, त्याने खेळाडूंचं भलं झालं, यात मला शंका नाही. मैदानं मिळाली, प्रवास सुधारला. 2022 च्या ऑक्टोबरात आंतरराष्ट्रीय सामन्याचं मानधन पुरुषांइतकं झालं, 2023 मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली. पण विलीनीकरणात संघटना गेली आणि तिच्याबरोबर बायकांच्या खुर्च्याही गेल्या. पैसा आला आणि निर्णय पुरुषांच्या बैठकीत गेला. मुली जिंकत राहिल्या, 2017 ला लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या, तरी त्या खुर्च्या आपोआप परतल्या नाहीत.

1928 मध्ये स्थापन झालेल्या बीसीसीआयला आजवर एकही स्त्री अध्यक्ष, सचिव किंवा खजिनदार मिळालेली नाही. बोर्डाच्या सर्वोच्च कारभारात पहिली बाई आली ती 2017 मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने प्रशासकांची समिती नेमली आणि तीत भारताच्या माजी कर्णधार, मुंबईच्या डायना एडुलजींना घेतलं, म्हणून. 2019 मध्ये शांता रंगास्वामी अपेक्स कौन्सिलवर गेल्या, कारण सर्वोच्च न्यायालयानेच नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशींवरून झालेल्या घटनेत खेळाडूंच्या प्रतिनिधींत एक स्त्री असलीच पाहिजे असं लिहून ठेवलं होतं. दोन्ही वेळा दार कोर्टाने उघडलं. आता 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय संस्थांच्या कार्यकारी समितीत जास्तीत जास्त 15 सदस्य आणि त्यांत किमान 4 स्त्रिया असा नियम घातला आहे. दिल्ली-मुंबईत हा नियम लागेल. मालवणातल्या किंवा कुडाळातल्या स्पर्धेच्या कमिटीला तो लागणार नाही. तिथे बाईला बसवायचं तर ते आपल्यालाच, आपल्या मनाने करावं लागेल. म्हणून मी इथे, गावातल्या माणसांशी वाद घालत्ये.

बाईला खुर्ची मिळाली तरी आक्षेप असतोच. तमिळनाडूच्या क्रिकेट संघटनेने 2019 मध्ये रूपा गुरुनाथ यांना अध्यक्ष केलं, तेव्हा त्या बीसीसीआयचे माजी अध्यक्ष एन. श्रीनिवासन यांच्या कन्या आहेत यावर बोट ठेवलं गेलं. ठेवा. पण क्रिकेटच्या संघटनांतून मुलगे, जावई, पुतणे वर्षानुवर्षं बसतात तेव्हा ते बोट खिशात का असतं? मोठ्या घरातल्या बाईलाच तिथवर जाता येत असेल, तर साध्या घरातल्या बाईसाठी वाट बांधण्याची निकड त्यातून जास्तच दिसते.

आता ‘जमणार नाही’ या मुद्द्याकडे. दिवसभर उन्हात उभं राहायचं, रात्री उशिरापर्यंत थांबायचं, हरलेल्या टीमच्या पोरांच्या शिव्या खायच्या, हे बाईला कसं झेपेल? हा प्रश्न मालवणात विचारला जातो याचं मला खरंच नवल वाटतं. बंदरावर होड्या लागल्या की मासळीच्या लिलावात बोली लावणाऱ्या बायका आपण रोज बघतो. सुरमईचा भाव पाडून मागणाऱ्याला कोळीण काय उत्तर देते तेही ऐकलेलं असतं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. ऊन, वारा, वेळ-अवेळ, भांडखोर गिऱ्हाईक यांतलं या किनाऱ्यावरच्या बाईला नवीन काय आहे?

शिव्यांचं म्हणाल, तर तो दोष शिव्या देणाऱ्याचा आणि त्याला मैदानात ठेवणाऱ्या कमिटीचा. पंचाला शिवी देणाऱ्या खेळाडूला बाहेर काढायची हिंमत तुमच्यात नसेल तर तुमचा पुरुष पंचही रोज अपमान गिळतोय. आणि खरी अडचण कोणती ते मी सांगते, कारण बैठकीत ती कुणी काढत नाही. मैदानावर बाईसाठी संडास नसतो. लाखाच्या बक्षिसाची पत्रकं छापणाऱ्या स्पर्धेत दार लागणारा, पाणी असलेला एक संडास नसतो. सकाळी आलेली बाई पाणी न पिता दुपारपर्यंत बसते. हे बघायचं सोडून बायकांच्या सहनशक्तीवर चर्चा करू नका.

‘लायक बाई मिळत नाही’ हे तिसरं पालुपद. लायकी पेरल्याशिवाय उगवत नाही. वृंदा राठी मुंबई विद्यापीठाकडून क्रिकेट खेळली, मग ती स्कोअरर झाली. 2013 चा महिला विश्वचषक भारतात झाला तेव्हा ती स्कोअरच्या टेबलाशी होती आणि तिथे तिने न्यूझीलंडच्या पंच कॅथी क्रॉस यांना काम करताना बघितलं. एका बाईला पंचाच्या पोशाखात उभं बघितलं आणि आपणही हे करू शकतो हे तिच्या मनाने घेतलं. मग परीक्षा, मग मुंबईतली मैदानं, मग बोर्डाची परीक्षा. जानेवारी 2023 मध्ये ती रणजी सामन्यात पंच म्हणून उभी राहिली, गोवा विरुद्ध पाँडिचेरी, पर्वरीच्या मैदानावर. पर्वरी म्हणजे आमच्या पत्रादेवीच्या नाक्यापासून तासाभराची वाट! त्याच फेरीत एन. जननी आणि गायत्री वेणुगोपालन यांनीही रणजीत पदार्पण केलं. जननी चेन्नईत सॉफ्टवेअर इंजिनिअर होती. पंच व्हायचंय म्हणून ती राज्य संघटनेकडे पुन्हा पुन्हा गेली आणि संघटनेने नियम बदलून बायकांचे अर्ज घ्यायला सुरुवात केली तेव्हा कुठे तिला परीक्षेला बसता आलं. म्हणजे लायक बाई दारात उभी होती, नालायक होता तो नियम. बंगळुरूच्या जसिंता कल्याण कर्नाटकच्या संघटनेत रिसेप्शनिस्ट म्हणून लागल्या आणि पुढे देशातल्या पहिल्या महिला पिच क्युरेटर झाल्या. 2024 च्या महिला प्रीमियर लीगमधल्या बंगळुरूच्या खेळपट्ट्या त्यांनी केल्या. माती, रोलर, पाणी, गवत, सगळं त्या शिकल्या, कारण कुणीतरी शिकू दिलं.

या सगळ्या वाटेची पहिली पायरी स्कोअरचं टेबल आहे, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर सांगते. आपल्याकडे स्कोअरिंगला हलकं काम समजतात, खेळायला न मिळालेल्या पोराला बसवतात. खरं तर एका चेंडूची नोंद तीन-चार ठिकाणी करावी लागते : फलंदाजाच्या ओळीत, गोलंदाजाच्या षटकात, अवांतरात आणि एकूण धावांत. नो-बॉलवर चौकार गेला तर चार फलंदाजाला, एक अवांतर, आणि गोलंदाजाच्या नावावर पाच. लेग बायची धाव एकूण धावांत धरायची, पण फलंदाजालाही नाही आणि गोलंदाजालाही नाही. वाइडवर पळून धावा काढल्या तर सगळ्या वाइडच. डाव संपला की फलंदाजांची बेरीज अधिक अवांतर ही एकूण धावसंख्येशी जुळली पाहिजे. गोलंदाजांच्या बाजूने मोजलं तर बाय आणि लेग बाय मिळवून तोच आकडा यायला हवा. नाही जुळला तर चूक कुठल्या षटकात ते शोधा, तेही दोन टीमची माणसं डोक्यावर उभी असताना. आणि क्रिकेटच्या कायद्यात असं आहे, की पंचाने केलेल्या खुणेची स्कोअररने पोच दिल्याशिवाय पंचाने खेळ पुढे जाऊ द्यायचा नाही. टेबलावरचा हात वर होईपर्यंत सामना थांबतो. हलकं काम म्हणता ते हे.

या जिल्ह्यात बचत गटांच्या वह्या बायका लिहितात. हप्ता, व्याज, थकबाकी, पै-पैचा ताळा त्या लावतात. त्यांना षटकाचा ताळा लावता येणार नाही, असं कुणी माझ्यासमोर बसून सांगावं.

इथे एक आक्षेप खरोखर वजनाचा आहे आणि तो मी टाळणार नाही. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतींत बायकांना निम्म्या जागा आहेत, तरी कित्येक ठिकाणी बाई सरपंच आणि कारभार नवऱ्याचा, हे आपण बघतो. क्रिकेटच्या कमिटीतही तसंच होईल, नावाला बायका घेऊन काय साधणार, असं विचारणारे सगळेच दुष्ट नसतात. म्हणूनच मी नुसत्या खुर्च्या मागत नाही. कमिटीत ‘महिला सदस्य’ म्हणून पत्रकावर नाव छापून घेण्यात मला रस नाही. मला काम हवं आहे, जे दुसऱ्याने करून चालत नाही असं काम. पंचाचं बोट नवरा वर करू शकत नाही. स्कोअरबुक घरी नेऊन दिराकडून भरून आणता येत नाही. जी बाई दोन हंगाम स्कोअर लिहील, तिसऱ्या हंगामात स्क्वेअर लेगला उभी राहील, ती नियमांच्या बैठकीत बोलेल तेव्हा तिला गप्प करणं अवघड जाईल, कारण नियम तिला पाठ असतील आणि तुमच्यातल्या निम्म्यांना नसतील.

‘मुलींच्या सामन्यांना बाई पंच ठीक, पुरुषांच्या सामन्यांना नको’ असंही एक तडजोडीचं मत आहे. जी. एस. लक्ष्मी 2019 मध्ये पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यात सामनाधिकारी होत्या. न्यूझीलंडच्या किम कॉटन 2023 मध्ये डुनेडिनला न्यूझीलंड-श्रीलंका पुरुषांच्या टी-20 सामन्यात पंच म्हणून उभ्या होत्या. इंग्लंडच्या सारा टेलरने ससेक्सच्या पुरुष यष्टिरक्षकांना शिकवलं. 1986 च्या दौऱ्यात डायना एडुलजींना लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये शिरू दिलं नव्हतं. तिथल्या एमसीसी क्लबने 1998 पर्यंत बायकांना सभासदही करून घेतलं नाही. त्याच एमसीसीची अध्यक्ष 2021 मध्ये क्लेअर कॉनर झाली. लॉर्ड्सला जमलं ते आमच्या वाडीतल्या मळ्यात का जमू नये? आणि उलट्या बाजूने बघा. विश्वविजेत्या मुलींचे मुख्य प्रशिक्षक अमोल मुजुमदार, गोलंदाजी प्रशिक्षक आविष्कार साळवी, क्षेत्ररक्षण प्रशिक्षक मुनीष बाली, तिघेही पुरुष. त्यांनी उत्तम काम केलं, मुजुमदारांचं तर मन भरून कौतुक करावं. पुरुषाने बायकांना शिकवलं तर ती त्याची लायकी आणि बाईने पुरुषांना बाद दिलं तर आगाऊपणा, हा न्याय कुठला?

यात पोटापाण्याचाही प्रश्न आहे. देशांतर्गत प्रथम श्रेणीच्या सामन्यात बोर्डाचे पंच 2025 पर्यंत दिवसाला तीस-चाळीस हजार रुपये मिळवत होते. तिथवर पोचणाऱ्या थोड्याच, हे मला माहीत आहे. पण गावोगावच्या स्पर्धांतही पंचांना आणि स्कोअररला मानधन मिळतं, समालोचकाला तर चांगलं मिळतं. हे पैसे आज एकाच बाजूला जातात. मालवणीतून सामना रंगवून सांगायला लागणारी जीभ आमच्या बायकांकडे नाही, असं तर कुणी म्हणणार नाही ना?

2025 मध्ये महिलांची महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. तीत रत्नागिरीच्या नावाचा संघ होता आणि सांगलीची स्मृती मानधना त्याची कर्णधार होती. सामने झाले पुण्याजवळ गहुंज्याला. कोकणाचं नाव जर्सीवर आलं याचा आनंद आहेच. पण त्या संघाच्या मागे उभं राहायला कोकणातून किती पंच, किती स्कोअरर, किती फिजिओ, किती व्यवस्थापक बायका तयार होणार आहेत, हे पुण्यात बसून कुणी ठरवणार नाही.

या हंगामात स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येक मंडळाला माझं सांगणं आहे. ड्रॉच्या आधी, गावातल्या दोन बायकांना स्कोअरच्या टेबलावर बसवायचं ठरवा. मे महिन्याच्या सुट्टीत शाळेच्या एका वर्गात चार दिवस स्कोअरिंग आणि नियम शिकवा. शिकवायला जुने पंच आपल्याकडे आहेत आणि ते आनंदाने येतील. पंचपरीक्षेची तारीख जाहीर झाली की ती महिला मंडळाच्या आणि कॉलेजच्या फलकावर लावा. परीक्षेची फी आणि पुण्याचं जाण्या-येण्याचं भाडं बक्षिसाच्या रकमेतून काढा. पहिल्या बक्षिसाचे पाच हजार कमी झाले म्हणून एकही टीम परत जाणार नाही. कमिटीच्या बँक खात्यावर एका बाईची सही ठेवा. मुंबईकर वर्गणीदारांनी पैसे पाठवण्याआधी एवढंच विचारावं : स्कोअर कोण लिहिणार, आणि मैदानावर बायकांसाठी संडास आहे का? उत्तर मिळाल्यावरच वर्गणी द्यावी.